डावी अजून जरा चावते

"डावी अजून जरा चावते," सासूबाई म्हणाल्या.

"कुठं?"

"इथंच. करंगळी होती तिथं."

मी खाली वाकायला गेलो, तसा त्यांनी पाय झटकन निऱ्यांखाली ओढून घेतला. "अहो, काय करताय? पायाला हात नका लावू हो शिरीषराव! मंजू, ए मंजू, इकडं ये. तुझ्या नवऱ्याला काय बघायचंय ते तू बघ."

मंजिरी शिलाई मशीनवरून उठली. तोंडात धरलेल्या टाचण्या तिनं एकेक करून उशीत खोचल्या, माझ्याकडं एक नजर टाकली आणि आईच्या पुढ्यात जमिनीवर बसली.

"अंगठ्यानं दाब," मी दोन हात लांबून म्हणालो. "कडेला. शिलाई लागते का विचार."

"शिलाई लागते का गं आई?"

"लागते जराशी."

"जराशी म्हणजे किती?" मी विचारलं.

सासूबाईंनी छताकडं बघत विचार केला. "आता कसं सांगू... नवी बांगडी दिवसभर हातात असली की संध्याकाळी कशी वाटते? तेवढी."

इतकं नेमकं सांगणारं माणूस मला धंद्यात कधी भेटलं नव्हतं. मी ती सपात उचलली, गॅलरीत गेलो आणि तिची कड उसवायला बसलो. बसलो म्हणजे काय, उभ्याउभ्याच उसवत होतो. या नमुन्याची कड मी आधीही दोनदा उसवली होती.

ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कुपवाडच्या एमआयडीसीत एका बुटांच्या कारखान्यात नमुने बनवायच्या खात्यात होतो. फाउंड्रीतल्या आणि साखर कारखान्यांतल्या कामगारांचे बूट आम्ही करायचो. पुढं लोखंडी वाटी, खाली खिळा घुसणार नाही असा तळ. पायावर घण पडला तरी बोटं शाबूत राहतील असे बूट मी करत होतो आणि माझ्याच घरात माझ्या सासूबाई अनवाणी फिरत होत्या. मुळात मी शांत बसणाऱ्यातला नाही. मंजिरी म्हणते, माझ्या पायाला एक भिंगरी आहे आणि डोक्याला दोन. तेव्हा तर मला जेवतानाही चैन पडत नव्हतं.

सासूबाई तासगावला एकट्या राहायच्या. साखरेचा आजार जुना. आदल्या उन्हाळ्यात गच्चीवर सांडगे घालताना त्या तापलेल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहिल्या आणि पायाला फोड आले. "कामाच्या नादात लक्षातच आलं नाही बघा," म्हणाल्या. एक फोड पावसाळाभर चिघळत राहिला आणि दिवाळीच्या सुमाराला डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. डॉक्टर तरुण होते, पण बोलले स्पष्ट. या पायाला आता पुन्हा जखम झाली तर बोटावर भागणार नाही, पाऊल काढावं लागेल. घरातसुद्धा एक पाऊल अनवाणी टाकायचं नाही.

मग त्यांनी सासूबाईंना डोळे मिटायला सांगितलं आणि एक बारीक काडी तळपायाला ठिकठिकाणी टेकवून बघितली. सासूबाई सांगत गेल्या, "लागलं... लागलं... आत्ता नाही... हां, लागलं."

"बऱ्यापैकी कळतंय अजून," डॉक्टर आम्हाला म्हणाले. "घरात घालायला चांगलं काही असेल तर राहू शकतील एकट्या. पाय पार बधिर झाले, तर मात्र एकटं ठेवायचं नाही."

त्यामुळं सगळं माझ्यावर आलं. चांगली जोडी झाली की सासूबाई तासगावला जाणार, आणि ती होईपर्यंत आमच्याकडं सांगलीला. त्यांना लेकीच्या घरी राहणं म्हणजे काट्यावर बसल्यासारखं वाटायचं. संक्रांतीनंतर तासगावात बेदाण्याचे दिवस सुरू होतात. त्यांच्या सोप्यात बायका बेदाणा निवडायला बसतात, गावभरच्या बातम्या तिथंच निवडल्या जातात. "मी नसले तर शेवंता एकटी कुणाकुणाकडं बघणार?" असं त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्या. शेवंता म्हणजे त्यांच्याकडं कामाला येणारी बाई. मंजिरीचं मत वेगळं होतं. आईनं आता कायमचं इथंच राहावं, असं तिच्या मनात होतं आणि ते ती बोलून दाखवायची. मग मायलेकी दोन खोल्यांत दोन तोंडं करून बसायच्या आणि मी मधल्या बोळात येरझारा घालायचो.

पहिली जोडी मी केली ती माझ्या बुटांच्या सवयीनं. मजबूत, पुढून बंद, तळाला जाड रबर. सासूबाईंनी एक हातात घेऊन बघितली. "ही पायात घालायची की हिनं उखळात कांडायचं?" मंजिरी खो खो हसली. मी दुसरी हलकी केली. तिला आतून मऊ चामडं लावलं, तर म्हणाल्या, "चामडं घालून देवापुढं जाऊ? स्वयंपाकघरात जाऊ?" हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. त्यांचं सोवळं कडक. पण सोवळ्यात लोकर चालते. म्हणून मी त्यांचीच एक जुनी धाबळी मागून घेतली. ते लोकरीचं वस्त्र नेसूनच त्यांनी आयुष्यभर पूजा केली होती. आता ना म्हणायला जागा कुठं होती? तिसऱ्या जोडीला वरून धाबळी, आतून धाबळी, खाली मऊ काळा रबर. 

"छान आहेत हो," त्या म्हणाल्या. "पण डावी जरा चावते."

आणि मग ते चावणं सुरू झालं. कधी करंगळीच्या जागी, कधी टाचेशी, कधी अंगठ्याखाली. माझ्या कामात पायाला हात लावल्याशिवाय काही कळत नाही. हाड कुठं वर आलंय, कातडी कुठं घट्ट झालीय, ते अंगठ्यानं दाबून बघावं लागतं. पण लग्नात सासूबाईंनी माझे पाय दुधापाण्यानं धुतले होते, नारायण म्हणून. त्या नारायणानं त्यांच्या पायाशी बसायचं हे त्यांना मरण आलं तरी चालणार नव्हतं. मी नमस्काराला वाकलो तरी त्या मागं सरकायच्या. सगळी मापं मंजिरीच्या हातानं, सगळे प्रश्न तिच्या तोंडानं.

मी त्यांच्या उत्तरांवर काम करत होतो. घट्ट म्हणाल्या की सैल करायचो, सैल म्हणाल्या की आत लोकरीचा थर द्यायचो. त्या सांगायच्याही इतक्या बारकाईनं, की मला वाटायचं, बस, आता एकच सुधारणा राहिली. कारखान्यात जेवायच्या सुट्टीत मी त्यांची डावी सपात पिशवीतून काढून बघत बसायचो. आमचा फोरमन एकदा म्हणाला, "पाटणकर, सासूसाठी एवढं? आमची तर दारातनंच परत जाती." मी हसलो नाही. मला हसायला सुचत नव्हतं.

घालायच्या मात्र नाहीत. फिटिंगला घालायच्या, खुर्चीपासून दारापर्यंत चार पावलं टाकायच्या, काय चावतं ते सांगायच्या आणि काढून ठेवायच्या. पुन्हा अनवाणी. मंजिरीचं घरात शिवणकाम, साड्यांना फॉल लावणं, ब्लाउजांची हातशिलाई. जमिनीवर टाचणी पडलेली नाही असा दिवस नसायचा. मी कारखान्यातून एक मोठं लोहचुंबक आणलं होतं. सकाळी उठलो की ते दोरीला बांधून घरभर ओढत फिरायचो. शेजारच्या कानिटकर वहिनी दारातून बघून मंजिरीला म्हणाल्या होत्या, "भावोजींना काही झालंय का गं?"

एका संध्याकाळी माझा तोल गेला. मी कामावरून आलो तर सासूबाई गॅलरीत अनवाणी उभ्या, आणि त्यांच्या पावलापासून वीतभर अंतरावर कातरीतून निखळलेला स्क्रू.

"आई, तुम्हाला घालायच्याच नाहीत ना?" मी ओरडलोच. "सांगून टाका की सरळ. मी रात्रंदिवस जिवाचा आटापिटा करतोय, आणि तुम्ही..."

"घालते की," त्या हळूच म्हणाल्या. "जरा बसू दे नीट. चावतेय म्हणून."

"चावू दे! पाऊल जाण्यापेक्षा चावलेलं बरं!"

"अहो, हळू," मंजिरी म्हणाली. आईसमोर ती मला अहो म्हणायची आणि एरवी अरे. मग आईकडं वळून म्हणाली, "आणि तूसुद्धा ऐक. या जोडीनं जमलं नाही तर मी तासगावच्या घराला कुलूप लावून किल्ली माझ्याजवळ ठेवणार आहे. बास झालं."

सासूबाईंचा चेहरा एकदम उतरला. त्या आत जाऊन देवापुढं बसल्या आणि बराच वेळ नुसत्याच बसून राहिल्या. मला वाईट वाटलं, पण राग गेला नाही.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी मंजिरी सकाळीच एका लग्नघरचे ब्लाउज द्यायला मिरजेला गेली. जायच्या घाईत होती. शेवटचा ब्लाउज दारात चपला घालता घालता पिशवीत कोंबला. मी माझी चुंबकाची फेरी ती निघायच्या आधीच उरकून गॅलरीत सुरीला धार लावत होतो. एवढ्यात आतून चालण्याचा आवाज आला. मऊ, रबराचा.

मी कान टवकारले. सपाता! कुणी न सांगता, कुणी न ओरडता सासूबाईंनी आपणहून सपाता घातल्या होत्या. मला इतका आनंद झाला की धार लावायची थांबवून मी तसाच उभा राहिलो. त्या हॉलमधून बोळात गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. अगदी घरभर चालल्या होत्या. मी मुद्दामच आत गेलो नाही. बघायला गेलो की लाजून काढून ठेवतील असं वाटलं.

थोड्या वेळानं आवाज बदलला. एक पाऊल मऊ, एक पाऊल उघड्या फरशीवर पडल्यासारखं. मऊ, उघडं. मऊ, उघडं. मी आयुष्यभर लोकांची चाल ऐकत आलोय. मी सुरी ठेवून आत गेलो.

हॉलमध्ये कुणी नव्हतं. मशीनखाली डावी सपात उलटी पडली होती. तिच्या शेजारी हिरव्या दोऱ्याचं रीळ होतं आणि ते हलत होतं. हळूहळू, थांबून थांबून गोल फिरत होतं. दोरा जमिनीवरून सरळ बोळात गेला होता. मी त्याच्या कडेकडेनं गेलो. बोळातून वळून तो स्वयंपाकघरात शिरला होता. आत सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. त्या साखरेचा डबा घ्यायला पलीकडं गेल्या, तसा दोरा त्यांच्यामागून सरकला.

"या, बसा," त्या वळून म्हणाल्या. चेहरा कसा खुलला होता. "चहा टाकलाय. आणि ऐका, आज तुमच्या सपाता अगदी छान बसल्यात हो. मी मघापासून घालूनच फिरतेय. डावी तर आज अजिबात चावत नाही!"

दोरा त्यांच्या डाव्या टाचेशी संपत होता.

"दोन्ही घातल्यात?" मी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"म्हणजे काय! एकच घालून फिरते होय मी?" आणि त्या हसल्या.

फरशीवर त्या जिथं जिथं गेल्या होत्या तिथं कुंकवाच्या टिकलीएवढे लाल ठिपके उमटले होते.

"आई, गॅस बंद करा आणि बसा."

"का हो?"

"बसा आधी. पाय टेकवू नका. डावा पाय वर धरा, तसाच."

त्या घाबरून स्टुलावर बसल्या. मी ओट्यावरची कात्री घेऊन आधी दोरा कापला. तोपर्यंत त्यांनी साडीचा काठ हळूच वर करून खाली बघितलं. उजव्या पायात सपात होती. डावा उघडा होता. त्या बघतच राहिल्या.

"पडली वाटतं कुठं," त्या म्हणाल्या.

"टाचेत सुई गेलीय. मंजूची, हातशिलाईची. मला काढू दे."

"नको! मंजू येऊ दे."

"ती दुपारशिवाय येत नाही."

"मग मी काढते माझी मी." त्यांनी वाकायचा प्रयत्न केला. कंबर साथ देईना. पुन्हा वाकल्या, पुन्हा सरळ झाल्या. "येऊ दे तिला. थांबते मी. काही दुखत नाही फारसं."

"आई, सुई आत मोडली तर काय होईल माहितीये ना? डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"लग्नात मी तुमचे पाय धुतलेत हो शिरीषराव," त्या काकुळतीला येऊन म्हणाल्या. "नारायण म्हणून धुतलेत. त्याच माणसाच्या हातात माझा पाय द्यायचा? कुठं फेडू हे पाप?"

"नारायण आहे ना मी? मग नारायणाचा हुकूम आहे. पाय इकडं करा."

एरवी त्या हसल्या असत्या. आता हसल्या नाहीत. डोळे पाण्यानं भरले होते. बराच वेळ त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पदर तोंडाशी धरला. "मला बघवायचं नाही. मी डोळे मिटून घेते. तुम्हाला काय करायचं ते करा, पण पटकन करा." त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि राम राम राम राम सुरू केलं.

मी औषधांचा डबा आणून जमिनीवर बसलो आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला.

इतक्या दिवसांत मी तो पाय पहिल्यांदाच हातात धरत होतो. मंजिरीनं काढलेल्या कागदी मापांवरून मला तो पाठ होता, तरी तो निराळाच निघाला. सुई टाचेत तिरकी गेली होती, निम्मी आत. मी चिमट्यानं धरून सावकाश, सरळ ओढली. सगळीच्या सगळी आली, ती वाटीत टाकली. देवाची कृपा, असं मी मनात म्हणालो. मी एरवी असलं काही म्हणत नाही. मग उकळलेल्या पाण्यात कापूस बुडवून टाच पुसली, औषध लावलं, ते चरचरणारं औषध होतं, आणि पट्टी बांधली. वरून राम राम एका लयीत चाललं होतं.

पाय हातात होताच, म्हणून मी करंगळीच्या जागी अंगठ्यानं दाबलं. जिथं इतके दिवस चावत होतं तिथं. त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. काही नाही. अंगठ्याखालच्या उंचवट्यावर दाबलं, जोरात. मग नखानं. मग पावलाच्या मधोमध. राम राम तसंच चालू, ना कुठं अडखळलं ना भुवई हलली.  मी पाय खाली घेतला, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवला आणि हात पुसले.

"शिरीषराव," सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "धरा की आता. किती वेळ लावताय? एकदाचं काय ते पाप लागू दे."

मी औषधाच्या बाटलीचं झाकण लावलं.

"शिरीषराव?"

"झालं, आई."

"काय झालं?"

"सगळं झालं. सुई काढली. पट्टीपण बांधली."

त्यांनी डोळे उघडले. टाचेवरच्या पट्टीकडं बघितलं, वाटीतल्या सुईकडं बघितलं, मग माझ्याकडं. रडल्या नाहीत. खांदे तेवढे खाली आले, फार वेळ धरून ठेवलेलं काहीतरी खाली ठेवावं तसे.

"कळलं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"कधीपासून असं आहे?"

"दोन वर्षं झाली असतील. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही थांबल्या."

"आणि डॉक्टरांनी काडी टेकवली तेव्हा?"

"तो पोरगा काडी टेकवताना श्वास धरायचा," त्या म्हणाल्या. "श्वास थांबला की मी म्हणायची, लागलं. मधूनच एकदा नाही म्हणायचं, म्हणजे खरं वाटतं."

"आणि चावते म्हणून सांगत होता ते?"

"तुम्ही विचारायचा. काहीतरी सांगायला नको? काहीच होत नाही म्हटलं असतं तर त्याच दिवशी तुमच्या ध्यानात आलं असतं."

"ते बांगडीचं?"

"बांगडीचं आठवतंय की मला," त्या म्हणाल्या. "हातांना कळतं अजून."

मग त्यांनी आपणहून सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तासगावात गणपतीच्या देवळातून त्या घरी आल्या, दारात चपला काढायला गेल्या तर पायात एकच. भर पेठेतून एका चपलेनं चालत आल्या होत्या. ओळखीच्या लोकांनी बघितलं असणार, पण कुणी हटकलं नाही. "म्हातारीला वेड लागलं म्हणाले असतील. त्या दिवशी ठरवलं, घरात तरी अनवाणीच राहायचं. दोन्ही पाय उघडे असले की निदान सारखे तरी दिसतात. सोवळ्याचं कारण बरं पडलं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आता तासगाव संपलं ना माझं?"

मला राग आला, खरंच आला. इतके दिवस मी न चावणाऱ्या चपला उसवत आणि शिवत बसलो होतो. पण तो राग त्यांच्यावर टाकायला गेलो तर टाकवेना. ही बाई डॉक्टरच्या श्वासावर कान ठेवून परीक्षा पास झाली होती, कशासाठी, तर आपल्या सोप्यात बसून बेदाणे निवडायला.  मी उठलो आणि ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारायला लागलो.

"बसा हो जरा," सासूबाई म्हणाल्या. "मला गरगरायला लागलं."

"नाही बसवत. मला सांगा, खाली पायाकडं बघितलं की सपात आहे की नाही ते दिसतं का?"

"कसं दिसेल? साडी असते की पार पावलांवर."

"मग साडी दोन बोटं वर नेसायची."

"या वयात?"

"या वयात. तुमच्या पायांना विचारून आता काही उपयोग नाही, आई. मी चुकीच्या माणसाला विचारत होतो. आता तुमच्या डोळ्यांना विचारायचं. मागून पट्टा, म्हणजे सुटणार नाही. वर रुंद, म्हणजे चावणारच नाही, तुम्हाला कळो ना कळो. आत एकही शिलाई नाही. तळाच्या मधे माझ्या बुटांतला पत्रा, पातळ. आणि वरून लाल पट्टी. भडक. बसल्या जागेवरून दिसेल अशी."

"लाल?" त्यांनी नाक मुरडलं. "लाल काय? हिरवी करा की. नाहीतर राणी कलर."

माझ्या इतक्या नमुन्यांत त्यांनी पहिल्यांदाच स्वतःला काय हवंय ते सांगितलं होतं.

ती राणी रंगाची जोडी पुढं तासगावच्या घरात कितीतरी वर्षं चालली. झिजली की मी नवा तळ लावायचो. डॉक्टरांना आम्ही खरं ते सांगितलं. ते आधी चिडले आणि मग श्वास धरायची गोष्ट ऐकून हसले. शेवंतानं रोज संध्याकाळी त्यांचे तळपाय नीट बघायचे आणि आम्हाला फोन करायचा, या अटीवर मंजिरीनं कुलपाचा हट्ट सोडला. सासूबाई शेवटपर्यंत दोन्ही पावलांवर चालल्या. पण त्या सकाळी यातलं काहीच ठरलं नव्हतं. मी नुसता बोलत सुटलो होतो आणि त्या ऐकत होत्या.

माझं बोलणं संपलं. मग त्यांनी उजव्या पायातली सपात काढली, साडी दोन्ही हातांनी घोट्याच्या वर घेतली आणि दोन्ही पाय माझ्यापुढं केले.

"घ्या," त्या म्हणाल्या. "मला काही कळत नाही. तुम्हीच बघा काय ते."

मी खाली बसलो. दोन्ही पावलं मांडीवर घेतली आणि एकेक हाड अंगठ्यानं चाचपून बघायला लागलो. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. माझा हात जिथं जाईल तिथं त्यांची नजर जात होती.

दार वाजलं. मंजिरी लवकर परतली होती. स्वयंपाकघराच्या दारात येऊन तिनं फरशीवरचे ठिपके बघितले, वाटीतली सुई बघितली, नवऱ्याच्या मांडीवर आईचे पाय बघितले आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"ओरडू नकोस," सासूबाई तिला म्हणाल्या. "माप चाललंय."

मंजिरी भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली.  सासूबाई माझ्या हाताकडं बघत होत्या. बघता बघता त्या जराशा पुढं झुकल्या.

"शिरीषराव, गार आहेत का हो माझे पाय?"

"नाही आई. चांगले ऊबदार आहेत."

"असं का," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, गारच पडले असतील."